भुईचाफ्याचा डोळा

आमच्या जुन्या घराच्या परड्यात, न्हाणीच्या उगवत्या अंगाला, डाळिंबाच्या झाडाखाली दोन हात मोकळी जागा होती. दिवाळी सरली की तिथं काही दिसायचं नाही. नुसती भुई. त्या भुईभोवती आईनं फुटक्या कौलाचे तुकडे उभे रोवून गोल केला होता. घरी आलेलं नवखं माणूस विचारायचं, "हितं काय पुरलंय काय?" आई म्हणायची, "व्हय. माझ्या आईनं दिल्यालं धन हाय."

ते धन म्हणजे भुईचाफा.

चाफा म्हटलं की माणसाला झाड आठवतं. सोनचाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, देवळापुढचा पांढरा चाफा. भुईचाफ्याचं त्यांच्याशी काही नातं नाही. हा हळदीच्या आणि आल्याच्या कुळातला. ह्याचं खोड जमिनीत, जीव जमिनीत. वर्षातले चार-पाच महिने हा झोपून असतो. मग चैत्र-वैशाखात, ऊन रणरणत असताना, वर एक पान नसताना, सरळ भुईतनंच फूल बाहेर येतं. आदल्या दिवशी भेगाळलेली माती, आणि सकाळी बघावं तर पांढऱ्या लांबट पाकळ्या, त्यात जांभळट रंगाची मधोमध चिरलेली रुंद पाकळी. फूल एकच दिवसाचं. संध्याकाळी मलूल होतं. पण एकाच्या मागं दुसरं येतं, मोठा गड्डा असला की पंधरा-वीस दिवस रोज सकाळी काही ना काही असतं.

फुलं सरली आणि वळीव पडला की मग पानं येतात. आधी सुरळी, मग ती उलगडते. पानाच्या वरच्या अंगाला फिक्या-गडद हिरव्या रंगाची नक्षी आणि खालचं अंग जांभळं. फूल असतं तेव्हा पान नाही, पान असतं तेव्हा फूल नाही. दोन्ही एकाच झाडाची आहेत हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

आणि ह्या फुलाचा वास घ्यायचा तर खाली बसावं लागतं. आम्ही पोरं पालथी पडायचो. आई पदर सावरून गुडघे टेकायची. आबा तेवढे कधी वाकले नाहीत. म्हणायचे, "हितनं येतोय की वास." येत नव्हता.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. माघाचा महिना. गाय व्यालेली, वासराला बांधायला जागा पाहिजे होती. मी आपला शहाणपणा करून पहार घेतली आणि त्या मोकळ्या जागेत मेख ठोकायला खड्डा घ्यायला लागलो. कौलं बाजूला सारली. दोन-तीन घाव घातले आणि पहारीच्या टोकाला पांढरं काहीतरी चिकटून आलं. एवढ्यात आई न्हाणीतनं बाहेर आली. मला वाटलं आता पाठीत बसणार. पण ती नुसती खाली बसली आणि माती चाळायला लागली.

"हितं तर काय न्हवतं की," मी म्हटलं.

"दिसत न्हाई म्हंजी न्हाई, आसं नसतंय रं."

तिनं तुटलेले तुकडे गोळा करून परातीत घेतले. मला म्हणाली, बस हितं, बग. मधी एक आल्यासारखा लहान गड्डा होता. त्याला मुळं, आणि मुळांच्या टोकाला शेंगदाण्यापेक्षा जरा मोठ्या पांढऱ्या गाठी लोंबत होत्या. त्या गाठी चांगल्या टपोऱ्या दिसत होत्या. मला वाटलं त्याच लावायच्या. आईनं मान हलवली. गड्ड्यावर एक टोकदार गुलबट कोंब होता, गव्हाच्या दाण्याएवढा. त्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो डोळा. जीव हितं असतोय. ह्या गाठी नुसती शिदोरी हाय. डोळा नसंल तर गाठ कितीबी लाव, उगवायची न्हाई. कुजून जाती."

डोळा असलेले तीन तुकडे निघाले. तोडलेल्या जागी तिनं चुलीतली राख लावली, दोन दिवस सावलीत ठेवले आणि परत लावले. दोन बोटं मातीखाली, जास्त नाही. खोल लावलं की झाड नुसतं पानावर जातं, असं ती म्हणायची. आमची जमीन कृष्णाकाठची, काळी, पाणी धरणारी. म्हणून त्या जागेत तिनं नदीची वाळू आणि जुनं शेणखत मिसळून भुई वीतभर उंच केलेली होती. पानं हिरवी असेपर्यंत पाणी, पानं पिवळी पडायला लागली की पाणी बंद. पिवळं पान ओढून काढायचं नाही, आपोआप गळू द्यायचं, कारण पान वाळताना शिदोरी खाली पाठवतं. मग पाडव्यापर्यंत त्या जागेकडं बघायचंही नाही. पाडव्याला एक तांब्या पाणी. एवढंच त्याचं कौतुक.

कुणाला मुका मार लागला, पाय मुरगळला, की आई एखादी गाठ उकरून ठेचून त्यावर बांधायची. गुण यायचा की नाही सांगता येत नाही, पण तिचा हात लागला की रडं थांबायचं.

१९७२ च्या दुष्काळात पावसानं दडी मारली. विहीर तळाला गेली. आई-आबा दोघं रोजगार हमीसारख्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. आम्ही तांबड्या मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाल्ली. भुईचाफ्याची पानं श्रावणातच करपून गेली. न्हाणीचं पाणी म्हणावं तर आठ-आठ दिवस अंघोळ नसायची. आबा म्हणाले, गेलं तुझं माहेरचं धन. पुढच्या वैशाखात एकच फूल आलं. आई कामावर जायच्या आधी त्याच्यापुढं बसली होती, ते मला अजून दिसतं. दुष्काळ त्याला मारू शकला नाही. झोपायचं कसं हे त्याला ठाऊक होतं.

१९७६ ला मी दहावी झालो आणि शेतीला लागलो. ऊस आणि हळद. सांगलीचा बाजार जवळ, त्यामुळं हळद आमच्या भागात आधीपासूनची. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावायची, माघ-फाल्गुनात काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करून अडतीला घालायची. लागणीचं बियाणं निवडताना मी गड्यांच्या मागं उभा राहायचो. डोळा बघा, डोळा फुगलाय का बघा, म्हणून ओरडायचो. परड्यातला भुईचाफाही त्याच दिवसांत फुलायचा. शेतात हळद जमिनीत जायची आणि घरात तिची चुलतबहीण जमिनीतनं वर यायची.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढं मी जे केलं ते न कळून केलं असं कुणाला वाटू नये.

१९९६ ला आमची दोघा भावांची वाटणी झाली. आबा वारले होते. जमिनीचं जमलं, भांड्याकुंड्याचं जमलं. अडलं ते विहिरीवर. विहीर सामाईक, मोटार एक, पाळ्या तीन-तीन दिवसांच्या. उन्हाळ्यात वीज रात्रीची असायची. माझ्या पाळीत वीज गेली तर ते तास मला पुढं मिळावेत असं माझं म्हणणं, आणि धाकट्याचं म्हणणं त्याच्या पाळीत गेली तर त्यालाही मिळावेत. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर मिटत नव्हतं. एकदा त्यानं चारचौघांत, पारावर माणसं बसलेली असताना, "दादा पाणी चोरतोय," असं म्हटलं. मी चोरलं नव्हतं. मग बोलणं बंद झालं.

धाकट्यानं वरच्या माळाला, त्याच्या वाट्याच्या रानात घर बांधलं. गावातलं घर माझ्याकडं आलं, परडंही माझ्याकडं, आणि आई माझ्याकडं. जायच्या दिवशी ट्रॅक्टरमध्ये सामान भरून झाल्यावर धाकट्याची बायको परड्यात आली. आम्ही घरात तिला धाकटीच म्हणतो. माझ्यापुढं पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, भुईचाफ्याचा येक कंद द्या की. आत्याबाई यायच्या जायच्या, त्यास्नीबी बरं वाटंल."

नाही म्हणता येईना. सून आहे घरातली, फुलाचं झाड मागतीय. मी खुरपं घेतलं, कडेची माती उकरली आणि चांगल्या टपोऱ्या सात-आठ गाठी काढून तिच्या ओंजळीत घातल्या. नुसत्या गाठी. डोळा एकालाही नव्हता.

तिचं माहेर कोरडवाहू भागातलं. हळद तिनं लावलेली नव्हती. तिला गाठी टपोऱ्या दिसल्या, खूश झाली. पाया पडली आणि गेली.

का केलं असं? विचारून विचारून थकलो. पारावर ऐकून घेतलेलं डोक्यात होतं, हे खरं. पण त्यापेक्षाही एक बारकं कारण होतं. सगळ्याची निम्मी-निम्मी वाटणी झाली होती. एक गोष्ट अशी असावी की जी माझ्याकडं आहे आणि त्याच्याकडं नाही, एवढंच.

पुढच्या वर्षी कुणाच्या तरी लग्नात धाकटी आईला म्हणाली, "आलं न्हाई हो आत्याबाई. लई वाट बघितली." आईनं विचारलं, "काय लावलंवतं?" तिनं हातानं गाठीचा आकार दाखवला. मी तिथंच पंगतीत वाढत होतो. आईनं माझ्याकडं बघितलं आणि परत तिच्याकडं बघितलं. काही बोलली नाही. आठ-पंधरा दिवसांनी मी हळदीचं बियाणं निवडत बसलो होतो. आई शेजारी येऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "तू डोळा बगूनच लावतूस न्हवं?"

"व्हय."

"मग बरं," म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर ह्या विषयावर ती मेली तोवर एक शब्द बोलली नाही. २००९ ला ती गेली. वैशाखातच गेली. परड्यात फुलं होती. सुनांनी तिच्या उशाला ठेवली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. २००५ ला पाणी आमच्या उंबऱ्याला लागून माघारी गेलं होतं, तेव्हा आम्हाला वाटलं ह्याच्यावर येत नाही. ह्या वेळी सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या घराचं आढं तेवढं वर राहिलं. धाकट्यानं ट्रॅक्टर पाठवला होता. बायको, सून, नातवंडं, जनावरं त्यात बसून वर माळाला गेली. मी बसलो नाही. शाळेत वर्गाच्या फरशीवर आठ दिवस काढले. कुणी विचारलं तर म्हणायचो, घरावर लक्ष पाहिजे. पाण्याखालच्या घरावर काय लक्ष ठेवणार!

पाणी उतरल्यावर गुडघाभर गाळ. मागची भिंत न्हाणीवर पडलेली. डाळिंब आडवं. शेतातली हळद सगळी कुजली, हात लावला की गड्डा लगद्यासारखा बोटात यायचा. पंधरा दिवसांनी गाळ काढता काढता त्या जागेला आलो. कौलाचा एक तुकडा लागला म्हणून जागा ओळखू आली. खाली उकरलं. पिवळट चिखल आणि वास. हळदीच्या कंदकुजीचा असतो तोच. भुईचाफा पानावर होता, भर वाढीत होता, तेव्हा वरनं नऊ दिवस पाणी उभं. झोपेत असता तर कदाचित वाचला असता. पन्नास-साठ वर्षं तरी त्या जागेवर होता. आईच्या आईकडं किती वर्षं होता कुणास ठाऊक.

तरी माणूस वेडं असतं. पुढचा पाडवा आला. २०२० साल. लॉकडाऊन लागलेला, बाहेर जायचं नाही. मी रोज सकाळी त्या जागेवर एक तांब्या पाणी घालायचो आणि बघत बसायचो. बायको चुलीपासनं बघायची. एक दिवस तिला राहवलं नाही.

"किती दिस पाणी घालणार हाय तितं? न्हाई यायचं आता ते."

"दिसत न्हाई म्हंजी—"

"आवं, कुजल्यालं तुमीच बगितलंय की." मग जरा थांबून म्हणाली, "धाकटीच्या दारात हाय."

"काय हाय?"

"भुईचाफा. पुराच्या वक्ती म्या पानं बगितली. खालनं जांभळी. चांगला तीन हात पसरलाय."

मला आधी खरं वाटेना. मग एकदम कळलं. आई वर्षातनं दोन-तीनदा पंधरा-पंधरा दिवस त्यांच्याकडं राहायला जायची. जाताना तिच्या कनवटीला काय असायचं हे मी कधी बघितलं नव्हतं.

२६ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. त्या वर्षी हळद लावायला बियाणंच नव्हतं. सकाळी लवकर तोंडाला पंचा गुंडाळला आणि बांधाबांधानं वर माळाला गेलो. दीड-दोन मैल चाल. चोवीस वर्षांत लग्न-मयताशिवाय त्या दारात गेलो नव्हतो. धाकटा गोठ्यात होता. मला बघून घाबरला, वाटलं गावात काही वाईट झालं. "काय झालं, दादा?" म्हणाला. किती वर्षांनी दादा म्हणाला!

"काय न्हाई. फुलं आल्यात म्हणं."

घराच्या मागं नेलं त्यानं. चिंचेच्या सावलीत, मुरमाड जागा, भोवतीनं दगडांचा गोल. अकरा फुलं होती. मी मोजली. मी खाली बसलो. गुडघे दुखतात आता, पण बसलो आणि पार नाक लावून वास घेतला. उठताना धाकट्यानं हात दिला. आजार पसरलेला, एकमेकाला हात लावायचा नाही म्हणून सगळीकडं सांगत होते.

चहा झाला. मी कपाकडं बघत म्हटलं, "आमच्यातला पुरात गेला. येक कंद मिळंल का?"

धाकटी दारात उभी होती. म्हणाली, "आत्ता न्हाई, भावजी. आत्ता फुलावर हाय, आत्ता उकरला तर तुमच्यातबी जगायचा न्हाई, आमच्यातलाबी दुखावंल. माघात या."

बरोबरच होतं तिचं. आईनं तिला सगळं शिकवलं होतं.

माघ यायला नऊ-दहा महिने. त्या काळात मी सहा-सात वेळा वर जाऊन आलो. कधी बियाण्याचं निमित्त, कधी जनावराचं, कधी नुसताच. विहिरीचा विषय कुणी काढला नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत धाकटीनं माझ्यासमोर खुरप्यानं हळूच कड उकरली. मधला गड्डा मोकळा केला, गाठी न तोडता तुकडे केले, तोडलेल्या जागी राख लावली. गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात चार कंद गुंडाळले. माझ्या हातात देताना एक उलटा करून दाखवला. गुलबट कोंब, गव्हाच्या दाण्याएवढा.

"डोळा बगून घ्या, भावजी."

आवाजात काही नव्हतं. ना राग, ना टोमणा. माझी मान वर झाली नाही. पंचवीस वर्षं तिला ठाऊक होतं. आणि पुरात माझी बायको-पोरं तिनंच दहा दिवस सांभाळली होती.

मी "व्हय" एवढंच म्हणालो.

आता मी भुईचाफा भुईत लावत नाही. मोठ्या पसरट कुंड्या केल्यात, खाली भोकं, एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा माणसं आणि कुंड्या एकाच ट्रॅक्टरमधनं वर गेल्या. ह्या वेळी मीही बसलो. २०२२ ला तीन फुलं आली, पुढच्या वर्षी सात. पुण्याला लेकीच्या गॅलरीत एक कुंडी आहे, सकाळचं ऊन येतं तिथं, तिच्यातही आलं. दर तीन-चार वर्षांनी माघात गड्डा काढून सुटा करावा लागतो, नाहीतर दाटी होऊन फुलं कमी येतात. तेव्हा निघालेले कंद ज्याला पाहिजे त्याला देतो. घेणाऱ्याला आधी डोळा दाखवतो, त्याला बोट लावून बघायला लावतो आणि मगच हातात देतो. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला फार नाद आहे.

विहिरीच्या पाळीवरनं आमचं अजूनही खटकतं. परवाच खटकलं. पण आता भांडून झाल्यावर बोलणं बंद होत नाही.

गाठी मी मुद्दाम दिल्या होत्या, हे धाकट्याला ठाऊक आहे का, मला माहीत नाही. धाकटीनं सांगितलं असेल, नसेल. मी अजून तोंडानं सांगितलेलं नाही. पारावर तो म्हणाला तेव्हा मी पाणी चोरलेलं नव्हतं. पण पुढं चार दिवसांत चोर झालो, ते असं. त्याला वाचायची आवड आहे, हे पुस्तक मी त्याच्याकडं देणार आहे. सध्या माघ चालू आहे. कुंड्यांत काहीच दिसत नाही.